आधी निघू तर!

जुळे सोलापुरातून चारचाकी बाहेरगावी निघते ती सहजासहजी निघत नाही. गुरुवारी अक्कलकोटला जायचं असो, पौर्णिमेला तुळजापूरला, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत पोरांना गोलघुमट दाखवायला विजापूरला. गाडी फाटकाबाहेर काढल्यापासून चाक हलेपर्यंत अर्धा तास सहज मोडतो. त्या अर्ध्या तासात गॅसचं बटण दोनदा बघून होतं. नळाला पाणी आज यायचंय की उद्या, यावर चर्चा झडते आणि उद्या असेल तर शेजारच्या काकूंकडे किल्ली जाते, ‘टाकी भरली की कॉक तेवढा बंद करा ओ’ या निरोपासह. कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणीची पुडी, दह्याचा डबा, पाण्याचा कॅन, एक चादर आणि ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी पिशवी, असं सगळं आत चढतं. चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. सगळे बसल्यावर आजीला आठवतं की तिच्या गोळ्या फ्रिजवर राहिल्या. गोळ्या येतात. मग आजीलाच आठवतं की चष्माही राहिला.

एवढं झाल्यावर चालकाच्या जागेवर बसलेल्या दादाच्या लक्षात येतं, की आपले गुडघे स्टेअरिंगला घासतायत. काल गाडी वहिनींनी नेली होती. तो सीटखाली हात घालतो न घालतो, तोच मागून आप्पांचा आवाज येतो, ‘आधी निघू तर! सीट-बीट पुढं बघ की.’

पुढं म्हणजे रस्त्यात. आणि मग सगळं रस्त्यातच होतं. विजापूरला निघालं तर सैफुलला सीट, सोरेगावला स्टेअरिंग, हत्तूरला आरसा आणि मंद्रूपला एसी. भीमेचा पूल येईपर्यंत गाडी नीट बसण्याच्या लायकीची होते आणि कर्नाटकात शिरताना चालकाचे दोन्ही हात पहिल्यांदा एकाच वेळी स्टेअरिंगवर येतात.

चालत्या गाडीत सीट सरकवू नये, स्टेअरिंग खालीवर करू नये, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ठळक अक्षरांत, त्रिकोणात उद्गारचिन्ह घालून छापलेलं असतं. पण ते पुस्तक पेढ्यांच्या बॉक्सबरोबर घरात येतं. पेढे संध्याकाळपर्यंत संपतात आणि पुस्तकाचं प्लॅस्टिक गाडी विकेपर्यंत फाटत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात इन्शुरन्स, पीयूसी, अंगाऱ्याच्या पुड्या आणि जुन्या टोलच्या पावत्या यांच्या तळाशी ते समाधी घेतं. गाडी विकताना घेणाऱ्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं, ‘पुस्तकसुद्धा नवंकोरं आहे बघा.’

खरी अडचण अशी, की आपल्याकडे गाडी एकाची नसते. कर्ज एकाच्या नावावर, नंबर दुसऱ्याच्या पत्रिकेप्रमाणे आणि चालवणारे चार. आप्पा निवृत्त, उंची बेताची. पाठ आणि सीट यांची ओळख नाही, कारण ते छातीनं स्टेअरिंग ढकलत गाडी चालवतात. दादा सहा फुटी. त्याची सीट इतकी मागं कललेली, की आसरा चौकात शेजारच्या रिक्षावाल्याला गाडी बिनचालकाची वाटते. वहिनी पाच फुटी. क्लच पुरता दाबला जावा म्हणून सीट पार पुढं. आणि नुकतं लायसन मिळालेला नातू, जो सीटला हात लावत नाही, फक्त गाणी बदलतो. सकाळी दार उघडलं की काल गाडी कुणी नेली होती, हे विचारावं लागत नाही.

‘एवढं पुढं घेऊन बसतीस, स्टेअरिंग खातीस का काय?’

‘आणि तुम्ही? गाडी चालवताय का दाढी करून घेताय?’

या भांडणात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. स्टेअरिंगच्या मधोमध एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. धडक बसली की ती पापणी लवायच्या आत फुगते आणि फुगताना चांगलाच दणका देते. म्हणून छातीची हाडं आणि स्टेअरिंगचा मध्य यांत २५ सेंटिमीटर तरी अंतर राहिलं पाहिजे. टेप शोधत बसू नका. वीतभर आणि वर दोन बोटं. वहिनींचं अंतर तेवढं भरत नसेल, तर क्लच सोडून सीट मागं न्यायची नाही. पाठीचा कोन थोडा मागं करायचा आणि सीट वर उचलायची सोय असेल तर उचलायची. दादाचं उलट आहे. पाठ पुरती टेकलेली असताना हात लांब केल्यावर मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, आणि क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. दादाला स्टेअरिंगचा माथा गाठायला पाठ उचलावी लागते, म्हणजे ऐन वळणावर तो सीटवर नसतोच. आप्पांना यातलं काहीच लागू नाही, कारण ते चाळीसच्या वर जात नाहीत. पण समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर त्यांचं वय बघून येत नाही.

आता सैफुलला काय होतं ते जवळून बघा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. दादाचा उजवा हात स्टेअरिंगवर, डावा सीटखाली. त्या हाताला सगळ्यात आधी लागते पाण्याची बाटली. मग छत्रीची मूठ. मग शेंगांची टरफलं, गेल्या वर्षीच्या हुरडा पार्टीतली. मग एक बारकी चप्पल, जिच्यासाठी घरात दोन महिने आदळआपट झाली होती. आणि मग तो आडवा लोखंडी दांडा. दांडा वर ओढला की सीटला कुणाचाच धरबंध राहत नाही. दादानं त्याच क्षणी गाडीला जरा रेस दिलेली असते, म्हणून सीट सर्रकन मागं जाते, पार शेवटाला. पाय हवेत, ब्रेक तिकडं, मागं बसलेल्या आजीच्या गुडघ्यावर सीटची पाठ. आजी ओरडते. दादा दचकून पायानं ब्रेक शोधतो, तो सापडतो तेव्हा जरा जास्तच सापडतो आणि सीट आता तेवढ्याच वेगानं पुढं येते. सीटखालून सुटलेली बाटली गडगडत ब्रेकच्या दिशेनं निघालेली असते. समोर दूधवाला स्कूटरवरून मागं वळून बघत असतो.

‘काय होत नाही ओ, बसा की निवांत,’ असं म्हणून दादा घाम पुसतो.

सीट ही रुळावर बसवलेली असते आणि तिला खाली दात असलेली पट्टी असते. दांडा सोडल्यावर खिळी त्या दातात बसली की ‘टक्’ असा आवाज येतो. कधी कधी ती एखाद्या दाताच्या माथ्यावरच अडकते. तेव्हा आवाज येत नाही, पण सीट बसल्याचा भास होतो. म्हणून सीट लावून झाल्यावर बूड जरा पुढं-मागं हलवून बघायचं असतं. उभ्या गाडीत हे करायला चार सेकंद लागतात. चालत्या गाडीत हीच तपासणी पुढचा स्पीडब्रेकर आपणहून करून देतो.

ज्यांचं पोटच गाडीवर आहे त्यांच्याकडे बघा. एसटीचा ड्रायव्हर ड्यूटीवर चढतो तेव्हा स्टँडवर गाडीला चाळीस माणसं लटकलेली असतात. त्याला घाई असायला हवी. पण तो आधी पिशवी ठेवतो, टॉवेल झटकतो, बसतो, सरकतो, आरसा हलवतो, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावतो आणि मगच किल्लीकडे बघतो. मागून कितीही ‘चला की ओ मालक’ झालं तरी त्याचा क्रम चुकत नाही. त्या क्रमालाही अर्थ आहे. आधी सीट, मग स्टेअरिंग, मग आरसे, मग बेल्ट. आरसा आधी लावला आणि मग सीट सरकवली, की आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी मागच्या सीटवरचा मेहुणा दिसतो. घरच्या गाडीत बहुतेक वेळा तोच दिसतो.

या विषयावर तोंड उघडायचा सोलापूरकरांना तसा वडिलोपार्जित हक्क आहे. भारतात मोटारी बनवायच्याच असा हट्ट धरणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. या गृहस्थांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. १९१९ साली सिंदिया कंपनी काढून जहाजं, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जुळल्या, पुढं इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि त्याच घराण्यातली फियाट सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. ती मुंबईत काळी-पिवळी होऊन इतकी चालली, की शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला.

त्या जमान्यात सीट जुळवण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळं पुढं तिघं मावत आणि चौथं पोर मांडीवर. अ‍ॅम्बॅसडरला पुढं एकच सलग सीट. ती सरकली की पुढचे सगळे एकत्र सरकायचे. बुटके काका चालवायला बसले, की शेजारचे उंच मामा पंढरपूरपर्यंत गुडघे डॅशबोर्डला टेकवून, पण गुण्यागोविंदानं जायचे. डोक्याला उशी नाही, बेल्ट नाही, एसी नाही. हवेसाठी दाराच्या काचेपुढं एक छोटी तिकोनी काच असायची. ती फिरवली की वारा थेट शर्टात शिरायचा. तिला बटण नव्हतं, आकडा नव्हता आणि तिच्यावरून वादही नव्हते. फक्त पावसाळ्यात ती बंद होत नसे. त्या गाड्या आतल्या माणसाचा जीव वाचवायला आजच्यापेक्षा फारच तोकड्या होत्या, हे आठवण काढून गहिवरणारे सांगत नाहीत. आज गाडीत जे दांडे, खटके, बटणं आली आहेत, त्यातला निम्मा पसारा आपण जिवंत घरी यावं म्हणून आहे.

स्टेअरिंगचंच घ्या. त्याच्या खाली, गुडघ्याच्या वर, अंधारात एक कडक खटका असतो. तो खाली ओढला की स्टेअरिंग वरखाली होतं, काही गाड्यांत पुढं-मागंही होतं. गाडी वापरून सहा-सहा वर्षं झाली तरी घरात या खटक्याचा पत्ता कुणालाच नसतो. शोरूममधल्या पोरानं तो दाखवला होता, पण तेव्हा सगळे गाडीला हार घालून फोटो काढत होते. मग कधीतरी वॉशिंगवाला पुसता पुसता तो ओढतो आणि दुसऱ्या दिवशी सोरेगावच्या वळणावर आप्पांच्या हातातलं स्टेअरिंग मांडीवर उतरतं.

योग्य जागा कोणती? मीटरचे आकडे स्टेअरिंगच्या कड्यातून पूर्ण दिसावेत, मांडीला कडं लागू नये आणि त्याचा मध्य तोंडाकडे नाही, छातीकडे रोखलेला असावा, कारण एअरबॅग तिथून निघते. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. पूर्वी दहा आणि दोन शिकवायचे. एअरबॅग आल्यापासून हात थोडे खाली उतरले. आपल्याकडे मात्र एक हात बाराच्या ठोक्यावर आणि दुसरा खिडकीबाहेर, ओळखीच्यांना दाखवायला.

स्टेअरिंगचा दुसरा प्रकार कार्यालयाबाहेर दिसतो. लग्न लागलं, जेवणं झाली, पाहुणे गाडीत बसले, आणि किल्ली फिरत नाही. स्टेअरिंगही जाम. लगेच चार जण जमतात. ‘बॅटरी गेली.’ ‘स्टार्टर अडकला.’ ‘दृष्ट लागली ओ, नवी गाडी.’ एक जण मेकॅनिकला फोन लावतो, दुसरा धक्का द्यायला बाह्या सरसावतो. किल्ली काढल्यावर स्टेअरिंग हललं तर ते चोरापासून राखायला आपोआप अडकतं, एवढाच प्रकार असतो. एका हातानं स्टेअरिंग हळू डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली की सुटतं. गर्दीतलं एखादं शाळकरी पोर हे करून दाखवतं आणि धक्का द्यायला आलेले लोक हिरमुसून बडीशेप खायला परत जातात.

आता पाठीकडे येऊ. आपल्या पाठीशी कोण उभं आहे, हे सोलापुरात निम्म्या गाड्यांच्या मागच्या काचेवर लिहिलेलं असतं आणि त्यावर आमची श्रद्धा आहे. पण कुणी मागून धडकलं, तर मान झटक्यानं मागं जाताना प्रत्यक्ष पाठीशी उभी राहते ती सीटवरची डोक्याची उशी. ती आरामाला दिलेली नाही, मान वाचवायला दिली आहे. अमेरिकेत १९६९ पासून नव्या मोटारींना पुढं ती सक्तीची झाली. तिचा माथा आपल्या डोक्याच्या माथ्याएवढा वर हवा आणि डोकं तिच्या जवळ हवं. आपल्याकडे ती खाली दाबलेली असते, म्हणजे मानेच्या मागं येते आणि धक्क्यात मदतीऐवजी कामच वाढवते. काही घरांत मागच्या आजीला समोरचं दिसत नाही म्हणून ती उपसून डिकीत टाकलेली असते. उरलेल्या घरांत तिच्यावर टॉवेल असतो.

टॉवेलवरून सोलापूरकराला बोलणं जोखमीचं आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं. ते आम्ही सीटवर घालणार नाही तर कोण घालणार? शिवाय कितीतरी सीटांवर शोरूमचं प्लॅस्टिक असतं, त्यावर रेक्झिनचं कव्हर, त्यावर मण्यांची जाळी आणि सगळ्यात वर टॉवेल. हे सगळं अंगावर घेऊन सीट आणखी तीन बोटं उंच आणि घसरडी होते. एक गोष्ट मात्र खरंच तपासून घ्यावी. नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग बऱ्याचदा सीटच्या कडेतच बसवलेली असते. सीटच्या बाजूला तसं लेबल शिवलेलं असेल, तर त्यावर जाडजूड कव्हर चढवणं म्हणजे तिच्या तोंडावर बोळा कोंबणं.

बेल्टचीही उंची जुळवता येते, ही बातमी अजून बऱ्याच घरांपर्यंत पोचलेली नाही. दरवाजाच्या खांबावर, बेल्ट जिथून निघतो तिथं, बऱ्याच गाड्यांत एक सरकपट्टी असते. वहिनींच्या गळ्याला बेल्ट कापतो म्हणून त्या तो काखेखालून घेतात; पट्टी दोन खाचा खाली आणली असती तर तो खांद्याच्या मधोमध आला असता. खालचा पट्टा पोटावरून नाही, कमरेच्या हाडावरून जायला हवा. वरचा आणि खालचा असा हा तीन टोकांचा बेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्यानं दिला. आपण त्याला उत्तर म्हणून नुसती क्लिप शोधून काढली. बेल्ट नको, फक्त क्लिप खाचेत घालायची, म्हणजे गाडीची पिरपिर बंद. २०२३ साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांवरून अशा क्लिपांच्या १३ हजारांवर जाहिराती उतरवायला लावल्या. बेल्ट न लावण्याचा दंड १,००० रुपये आहे आणि क्लिप त्याहून पुष्कळ स्वस्त, हा हिशेब मांडणाऱ्याला गणित येतं, भौतिकशास्त्र येत नाही.

पुण्याच्या वाटेवर शेजारच्या सीटवर मेहुणा असतो. तो टेंभुर्णी येईपर्यंत सीट पार आडवी करून पाय डॅशबोर्डवर ठेवतो. आडव्या सीटवर बेल्ट अंगापासून सुटतो आणि धडकेत माणूस त्याच्या खालून घसरतो; पायाखाली दुसरी एअरबॅग दबा धरून बसलेली असतेच. त्याला हे सांगितलं तर तो डोळे न उघडता म्हणतो, ‘तू नीट चालव की मग.’

आणि आता एसी. मंद्रूपपर्यंत थांबलेला विषय.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला टेकतो. विजापूर रोडच्या एखाद्या कार्यालयासमोर लिंबाच्या सावलीत लावलेली गाडी, अक्षता पडून पंगती उठेपर्यंत उन्हात आलेली असते; गाडी तिथंच असते, सावली उठून गेलेली असते. आतली हवा साठीच्या घरात. स्टेअरिंगला हात लागत नाही, बेल्टची धातूची जीभ चटका देते. तरी सगळे आत घुसतात, काचा बंद करतात, एसी सगळ्यात गार आकड्यावर, ब्लोअर चारवर, आणि मग पाच मिनिटं तक्रार करतात की गॅस संपलाय. अहो, आत साठ अंशाची हवा कोंडून ठेवून तीच गार करायला सांगितली, तर एसी तरी काय करील? आधी चारी दारं उघडा, ती हवा जाऊ द्या, निघाल्यावरही मिनिटभर काचा खाली ठेवा, मग एसी. आणि या तापलेल्या गाडीत ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणून लहान मूल किंवा म्हातारं माणूस बसवून जाऊ नका. याच्यावर विनोद करता येत नाही.

१६ चा आकडा लावला म्हणून गाडी लवकर गार होत नाही. नको तितकी गार मात्र होते. पुढं ध्रुवप्रदेश, मागं मराठवाडा. पुढचा मेहुणा कानाला रुमाल बांधतो, मागं आजी पदरानं वारा घेते. ‘कमी कर की जरा.’ ‘वाढव की जरा.’ आप्पांचा पक्ष तिसराच, ‘एसी कशाला? अ‍ॅव्हरेज पडतं. काचा उघडा.’ ऐंशीच्या वेगानं काचा उघडल्यावर वाऱ्याचा रेटा कापायलाही डिझेलच जळतं, हे त्यांना पटत नाही. व्याही गाडीत असले की मात्र ते स्वतःच म्हणतात, ‘एसी लाव रे, फुल्ल.’ गाडी थांबल्यावर खाली पाण्याचं थारोळं दिसलं की व्याही घाबरतात, आप्पा तृप्त होतात. एसीनं हवेतून काढलेलं पाणी ते. एसी खरंच लावला होता, याची पावती.

एसीजवळ एक बटण असतं, गाडीच्या पोटात वळलेला बाण. नातवानं विचारलं तर आप्पा सांगतात, ‘यू-टर्नचं आहे, हात लावू नको.’ ते दाबलं की बाहेरची हवा बंद होऊन आतलीच फिरत राहते. गार व्हायला, ट्रकच्या धुरात, धुळीत हे उत्तम. पण ते तसंच दाबून पुण्याला निघालात, गाडीत सात माणसं, वाटेत मटणाचं जेवण झालेलं, तर आतली हवा शिळी होत जाते, कार्बन डाय ऑक्साईड वाढतो आणि पेंग येते. मागच्यांना आली तर चालतं. म्हणून गाडी गार झाली की अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. पावसाळ्यात काच आतून धुरकटली की चालक टॉवेलनं पुसतो, तेल लागलेल्या टॉवेलनं, मग समोरचे दिवे सणासुदीचे दिसायला लागतात. त्यासाठी तीन वळवळत्या बाणांचं बटण आहे. ते, एसी आणि बाहेरची हवा. एसी हवेतला ओलावा काढतो आणि काच आपोआप उजळते.

हे सगळं आता नव्या गाड्यांत पडद्यावर गेलंय. पूर्वी बटण बोटाला सापडायचं, आता डोळ्यानं शोधावं लागतं. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद पडद्यावर पंख्याचं चित्र शोधलं, तर ४४ मीटर रस्ता कुणीच बघितला नाही. त्यातही सोपा तोडगा आहे. हवामान खातं शेजारच्या सीटकडे द्यावं. मेहुण्याला तेवढं एक काम मिळतं आणि पाय डॅशबोर्डवरून खाली घ्यावे लागतात.

१९४० च्या मॉडेलात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं कारखान्यातूनच एसी बसवून दिला, तेव्हा कॉम्प्रेसर बंद करायचा तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. लोकांना ती गैरसोय वाटली आणि पॅकार्डनं दोन-तीन वर्षांत ते काम सोडलं. आता महागड्या गाड्यांत पुन्हा तसंच काहीसं आलंय. सीट विजेवर चालते, दारावर १, २, ३ अशी बटणं असतात. ज्यानं त्यानं आपली बैठक एकदा लावून ठेवायची, नंतर बटण दाबलं की सीट, आरसे, कधी स्टेअरिंगसुद्धा आपापल्या जागी. आणि बऱ्याच गाड्यांत हे गाडी उभी असतानाच चालतं. माणसांना जे पुस्तकातून पटलं नाही, ते गाडीनं नियम म्हणून लावून घेतलं.

जुळे सोलापुरात अशी एक गाडी आली आहे. बटणं तीन, चालवणारे चार. आप्पांनी वयाच्या जोरावर पहिलं घेतलं, कर्ज फेडतो म्हणून दादानं दुसरं, आणि तिसऱ्यासाठी वहिनी आणि नातू यांच्यात जागावाटपाची बोलणी अडली आहेत. मेहुण्यानं मध्यस्थीची तयारी दाखवली, आणि तिसरं बटण सध्या त्याच्या नावावर आहे.